शहजादीबाईंच्या सवती

आरमोरीत शिलाई मशीन अडली की बाया आधी देवाचं नाव घेतात आणि मग बाबूभाईंचं. देव ऐकतो की नाही ते ज्याचं त्याला माहीत. बाबूभाई मात्र ऐकतात, कारण त्यांचा उजवा कान अजून चालू आहे. ते चाक एकदा फिरवणार, कान मशिनीला लावणार आणि विचारणार, ‘‘तेल कोनतं घातलं बाई, खोबऱ्याचं?’’ बाई लाजणार. खोबऱ्याचंच असतं.

मशिदीकडे वळणाऱ्या बोळात त्यांचं टिनाचं दुकान आहे. दुकानामागं घर, आणि दोन्हींच्या मधे एक अंधारी खोली. त्या खोलीत सागाच्या जाड फळीवर त्या ओळीनं बसलेल्या असत. शहजादीबाई, म्हणजे बाबूभाईंच्या घरवाली, त्यांना आपल्या सवती म्हणत.

या सवती म्हणजे काडतुसं भरायच्या जुन्या मशिनी. चांद्याच्या जंगलात शिकारीला मुभा होती त्या काळातल्या. तेव्हा बारा बोअरच्या बंदुकीचं काडतूस कागदी नळीचं असे. उडवून झालेली नळी कोणी फेकत नसे. तिच्या बुडातली जळकी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, बारूद भरायची, वर पुठ्ठ्याची डाट, त्यावर छर्रे, आणि शेवटी नळीचं तोंड आतल्या अंगाला वळवून बंद करायचं. दिवाळीत करंजीला मुरड घालतात ना, तशी. ही मुरड हातानं बसत नाही, त्यासाठी ही मशीन. बिडाचं अंग, टेबलाच्या कडेला पकडायला खाली स्क्रू, बाजूला लाकडी मुठीचा दांडा, आणि दांडा फिरवला की गरगर फिरणारी एक पोलादी वाटी. नळीचं तोंड त्या वाटीत दाबलं की कागद असा काही वळतो की कोण्या सुगरणीनं बोटं फिरवली असं वाटावं.

बाबूभाईंचे वडील मुनीर उस्ताद हेच काम करत. दुकानावर परवान्याची पाटी होती, मालगुजार आणि जमीनदार गिऱ्हाईक होते. मग शिकारीवर बंदी आली. वाघ वाचले आणि उस्ताद बसले. आपली मशीन त्यांनी कोण्या जमीनदाराच्या माणसाला देऊन टाकली आणि शिलाई मशिनीच्या दुरुस्तीला हात घातला. त्यानंतर ते मुरडीविषयी कधी बोलले नाहीत. फक्त कधीमधी जेवताना उजवा हात ताटाबाहेर नेऊन हवेत दांडा फिरवत. बाबूभाईंनी हे पाहिलं होतं. तेव्हा ते शाळेत होते आणि बापाला वेड लागलं असं त्यांना वाटलं होतं.

हे वेड वंशपरंपरेचं निघालं. स्वतःच्या मिशीत पांढरं दिसू लागलं तेव्हा गडचांदूरला एका भंगारवाल्याकडं बाबूभाईंना तसलीच एक मशीन दिसली. सिमेंटच्या धुळीनं ती इतकी माखली होती की भंगारवाला तिला ऊस पिळायची समजत होता. बाबूभाईंनी ती पोत्यात घालून घरी आणली, रॉकेलमध्ये बुडवली, तारेच्या ब्रशनं घासली. मग दुसरी मिळाली कुरखेड्याला, एका गोठ्यात, म्हशीची साखळी अडकवायला रोवलेली. मग आणखी कुठली, आणखी कुठली. बाबूभाईंनी जन्मात एक छर्रा भरला नाही, बंदूक खांद्याला लावली नाही. त्यांना फक्त ते अंग चालतं ठेवायचं होतं.

आपल्याकडं सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची पद्धत आहे. बाबूभाईंनी मशिनींना तीच लावली. गडचांदूरवाली, कुरखेडावाली, वडसावाली. आणि सगळ्यांत लाडकी, धानोरावाली. घोटाळा एवढाच की शहजादीबाईंचं माहेरही धानोरा.

‘‘धानोरावालीले तेल देऊन येतो,’’ असं बाबूभाई म्हणाले की चुलीपासून आवाज यायचा, ‘‘कोनत्या? इकडचीचे गुडघे कधीचे वाजून राह्यले!’’

धानोरावाली लाडकी असायला कारण होतं. ती खुद्द मुनीर उस्तादांची. तिच्या बुडाशी उस्तादांनी कानशीनं घासलेली चंद्रकोर होती. धानोऱ्याच्या पुढं जंगलात राहणारा लच्छू हा बाबूभाईंचा जुना दोस्त. लच्छूचा बाप उस्तादांच्या गिऱ्हाइकांबरोबर शिकारीत रान उठवायला, हाक्याला जायचा, तिथपासूनची ही ओळख. जमीनदाराचं पडकं कोठार उपसताना लच्छूला ती सापडली. चंद्रकोर पाहून त्यानं ओळखली आणि सायकलच्या कॅरिअरवर, हिरड्याच्या पोत्याखाली बांधून आरमोरीला आणून दिली. त्या दिवशी बाबूभाईंनी दुकान बंद ठेवलं होतं. कोणी वारलं का, म्हणून शेजारीपाजारी विचारून गेले.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की बाबूभाई एकेक मशीन चालवत. रिकामी मशीन फिरवून मुरड कळत नाही, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या नळ्या करत, आणि नळीत काहीतरी वजन पाहिजे म्हणून फुटाणे भरत. मुरड घालून बंद केलेलं हे फुटाण्यांचं काडतूस मोहल्ल्यातल्या पोरांना मिळे. पोरं ते दातानं फोडून खात.

असं सगळं बरं चाललं होतं आणि शहजादीबाईंना हजला जायचं होतं.

जायचं तर त्यांना कधीचंच होतं. पण पोरगा अनस गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘आता माह्या मांगं काई नाई. गुडघे हायेत तोवर जाऊन येऊ.’’ आणि कामाला लागल्या. रोज सकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या. काबाभोवती चालावं लागतं, म्हणून इथं सराव. पहिल्या दिवशी त्या अर्ध्या फेरीत बसल्या. हळूहळू फेऱ्या वाढल्या. शाळेतल्या शिपायानं विचारलं, ‘‘चाची, पोलीस भरतीची तयारी करून राह्यल्या का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हो बेटा. फक्त आमचा साहेब वर बसते.’’

हजच्या अर्जाला पासपोर्ट लागतो. अनसनं दोघांचे अर्ज मोबाईलवरून केले आणि बजावलं, ‘‘पोलीस घरी येतीन चौकशीले. चहा पाजा, जे विचारतीन तेवढंच सांगा. हजच्या अर्जाची तारीख जवळ हाय.’’

चौकशीला प्रफुल आला. गावातलाच पोरगा, शिपाई होऊन थोडेच दिवस झालेले. त्याच्या आईची शिलाई मशीन बाबूभाईंच्या हातचीच. त्यानं फोटो घेतले, सह्या घेतल्या, चहा घेतला. निघताना हात धुवायला मोरीकडं वळला आणि त्याला मधल्या खोलीतली फळी दिसली.

‘‘हे काय हाय जी, चाचा?’’

शहजादीबाई कपबशा उचलत होत्या. पुढच्या घटकेत काय होऊ शकतं हे त्यांना लखकन दिसलं असावं. त्या म्हणाल्या, ‘‘चपला शिवाच्या मशिनी हायेत त्या, बेटा. जुन्या. भंगार.’’

प्रफुल निघालाही होता. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. पण भंगार आणि चपला हे दोन शब्द एका दमात धानोरावालीच्या अंगावर पडले आणि ते बाबूभाईंना सोसलं नाही.

‘‘चपलाच्या?’’ ते म्हणाले. ‘‘चपलाच्या कायले असतीन? काडतुसाच्या हायेत. काडतूस भरते याच्यानं. ये, दाखवतो.’’

आणि त्यांनी दाखवलं. कॅलेंडरची नळी घेतली, फुटाणे भरले, डाट बसवली, दांडा फिरवला. मुरड बसली, अशी की उस्तादांनी पाठ थोपटली असती. काडतूस प्रफुलच्या तळहातावर ठेवून ते हसले. पोरासारखं हसले. प्रफुलही हसला. मग त्याचं हसू हळूहळू मिटत गेलं, कारण अंगावर खाकी होती.

‘‘चाचा,’’ तो म्हणाला, ‘‘हे चालू हाय ना सारं?’’

‘‘अरे चालू म्हंजे! नवी नवरी चालन नाई अशी.’’

शहजादीबाईंनी कपबशा खाली ठेवल्या.

दोन दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. ठाणेदार तरुण होते, नीट वागले. खुर्ची दिली. ‘‘बाबूभाई, तुमच्याबद्दल गावात एक वाकडा शब्द नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण हा जिल्हा कोणता आहे? काडतुसं भरायचं चालू साधन घरात आहे असं कळल्यावर मी निरंक म्हणून सही करू? परवाना तुमच्या वडिलांचा होता, तोही कधीचा संपला. दोन रस्ते आहेत. मशिनी इथं जमा करा. नाहीतर पंचांसमोर कायमच्या निकामी करा. वेल्डिंग मारा, काहीही करा. मी त्याच दिवशी अहवाल पाठवतो.’’

जमा केलेल्या वस्तू कुठं जातात ते बाबूभाईंना येता येता दिसलं होतं. ठाण्याच्या मागच्या शेडमध्ये पकडलेल्या मोटारसायकलींतून वेली वर चढल्या होत्या.

अनसचा फोन आला. ‘‘अब्बा, चपलाची म्हटलं असतं तं मशीन रुसली असती का?’’

बाबूभाईंनी फोन शहजादीबाईंकडं दिला. त्यांनी तो बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बाबूभाईंना वाटलं होतं भांडतील, भांडी आपटतील. त्यांनी भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवली. जेवताना एकदाच म्हणाल्या, ‘‘मी तुमाले कधी फेका म्हटलं नाई त्याईले. म्हटलं का?’’

‘‘नाई.’’

‘‘बस.’’

हा ‘बस’ बाबूभाईंना आठवडाभर पुरला.

त्यांनी मनाशी हिशोब मांडला. बाकीच्या मशिनी निकामी कराव्यात. दुखेल, पण करावं. धानोरावाली मात्र नाही. प्रफुलनं मशिनी काही मोजल्या नव्हत्या. तिला चार दिवस माहेरी पाठवावं. हजचं उरकलं, सगळं निवळलं की परत आणावं. लच्छूनंच आणून दिली होती, लच्छूच ठेवील. लेकी बाळंतपणाला जात नाहीत माहेरी? तसंच. शहजादीबाईंना त्यांनी सांगितलं नाही. सकाळीच उठून धानोरावालीला जुन्या रजईत गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि गडचिरोलीची बस धरली.

धानोऱ्याच्या पुढं काळीपिवळीनं फाट्यापर्यंत आणि तिथून पायी. धानाची रोवणी आटोपलेली, बांध्यांत पाणी उभं. लच्छू बांधावर भेटला. पाहताक्षणी ओरडला, ‘‘आलं का बे म्हातारं! मले वाटलं मेलं.’’

‘‘तुह्या आधी मरतो का? लाज नाई वाटन मले?’’

दोघं हसत घरी आले. लच्छूच्या घरवाली नीलाबाईंनी पाणी दिलं. बाबूभाई आले की त्या घरी एक रीत होती. नीलाबाई कोंबडा पकडून आणायच्या आणि सुरी बाबूभाईंच्या हातात द्यायच्या. ‘‘तुमीच कापा भाऊ, तुमच्या देवाचं नाव घेऊन. नाई तं जेवाचे नाई.’’ त्या दिवशीही त्या कोंबड्यामागं निघाल्या होत्या. तेवढ्यात बाबूभाईंनी रजई सोडली.

लच्छूनं चंद्रकोर पाहिली. ‘‘हे काऊन आणली?’’

बाबूभाईंनी सगळं सांगितलं. पासपोर्ट, प्रफुल, ठाणेदार, माहेर, बाळंतपण. सांगताना त्यांना स्वतःलाच ते गमतीचं वाटू लागलं. लच्छू हसत नव्हता. नीलाबाई दारातच थांबल्या होत्या आणि कोंबडा मोकळा फिरत होता.

‘‘बाबू,’’ लच्छू म्हणाला, ‘‘हे चालते का अजून?’’

‘‘चालते म्हंजे!’’

‘‘मंग झाक. पहिले झाक.’’

बाबूभाईंनी रजई ओढली.

‘‘तुह्या घरी ते सापडली,’’ लच्छू सावकाश म्हणाला, ‘‘तं तुहा पासपोर्ट अटकला. चहा पिऊन शिपाई घरी गेला. खुर्ची देल्ली तुले. माह्या घरी सापडली तं?’’

बाबूभाईंनी रजईची गाठ आणखी आवळली.

‘‘मांगच्या साली पलीकडच्या टोल्यात एका पोट्ट्याच्या घरी सायकलच्या छर्र्याईचा डब्बा होता. सायकलच्या, बाबू! चाकातले. खाकीवाले विचारून गेले, कोनासाठी ठेवले. ते गेले अन् जंगलातले बंदूकवाले दादा आले. ते विचारत, खाकीवाल्याईले काय सांगतलं. पोट्टा गाव सोडून गेला. माय अजून वाट पाहून राह्यली. मी माही भरमार बंदूक कवाच जमा केली, बापाची होती. हात तुटल्यावानी वाटलं. पण त्या दिवसापासून कुत्रा भुंकला तं मी उठून बसत नाई.’’

‘‘तूच तं आणून देल्ली होती,’’ बाबूभाई म्हणाले. ते म्हणायला नको होतं, हे म्हणतानाच त्यांना कळलं.

‘‘आणली होती. तवा पोट्टे लहान होते, अक्कलबी लहान होती. दोस्ताच्या बापाची चीज हाय म्हणून आणली.’’ लच्छूनं रजईवर हात ठेवला. ‘‘आता लोकेश हाय घरात, त्याची बायको दुर्गा हाय, पोटुशी. नाई ठेवत मी.’’

नीलाबाई आत गेल्या. कोंबडा कोणी पकडला नाही. जेवणात भात आणि अंबाडीची भाजी होती, आणि जेवताना त्या दर थोड्या वेळानं अंगणाच्या काठीकुंपणापलीकडं पाहत होत्या. बाबूभाईंचं लक्ष त्यांच्या नजरेमागं गेलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. पण मोहाच्या झाडाखाली बसलेलं एक गुराखी पोरगं इकडं पाहत होतं, आणि बाबूभाईंनाही उगीच प्रश्न पडला की हे पोरगं घरी जाऊन काय सांगेल.

सत्तरीच्या घरातल्या माणसाला, सगळं आयुष्य या जिल्ह्यात काढून, ही भीती पहिल्यांदा कळली, यात हसण्यासारखं काही नाही. आरमोरीपासून लच्छूचं गाव एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. तेवढ्या अंतरात एकाच मशिनीचं वजन इतकं बदलतं, हे त्यांच्या हातांना ठाऊक नव्हतं.

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर होती. कंडक्टरनं बोटानं टोकलं. ‘‘लई जड दिसते जी. काय हाय?’’

बाबूभाईंनी त्याच्याकडं पाहिलं.

‘‘चपला शिवाची मशीन,’’ ते म्हणाले. ‘‘भंगार.’’

घरी आल्यावर त्यांनी पिशवी शहजादीबाईंसमोर ठेवली आणि कुठं नेली होती ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘दुर्गा कितव्या महिन्यात हाय?’’

‘‘ते नाई विचारलं.’’

‘‘हेच तं.’’

ठाण्यातून पंचांसह प्रफुल यायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी बाबूभाईंनी प्रत्येक मशिनीची वाटी सोडवली. वेल्डिंगचा विचार त्यांनी केला नव्हता. बिडाला वेल्डिंगचा ताप लागला की ते तडकतं. आणि नुसती वाटी काढून फेकली तर पुन्हा बसवता येते, म्हणजे निकामी झालं असं होत नाही. वाटी कापायलाच हवी. पण ती पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाची. तिच्यावरून करवत घसरते. आधी तिचं पाणी उतरवावं लागतं.

ते चुलीपाशी गेले. ‘‘थोडा इस्तू पाह्यजे.’’

शहजादीबाईंनी तवा उतरवला आणि बाजूला सरकल्या. बाबूभाईंनी वाट्या निखाऱ्यांत ठेवल्या. त्या काळ्याच्या तांबड्या झाल्या, टोमॅटोसारख्या. मग चिमट्यानं एकेक काढून राखेत पुरल्या. पोलाद असं राखेत हळूहळू थंड झालं की मऊ पडतं. घाई केली, पाणी ओतलं की पुन्हा कडक होतं. शहजादीबाईंनी त्या दिवशी भाकरी शेजारणीच्या चुलीवर केल्या. ‘‘आमच्या चुलीत पाहुने हायेत,’’ एवढंच त्यांनी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पंच आले. एक किराणा दुकानदार, एक निवृत्त पोस्टमन. प्रफुलनं बाबूभाईंच्या डोळ्यांना डोळा दिला नाही. पक्कडीत वाटी धरून बाबूभाई करवत चालवू लागले. मऊ झालेल्या पोलादाचा बारीक कीस फळीवर सांडत होता. एकेक वाटी मधोमध चिरली जात होती. किराणावाल्यानं घड्याळ पाहिलं. ‘‘वेल्डिंगवाला आणला असता तं पाच मिनिटाचं काम होतं, बाबूभाई.’’

‘‘तडकते,’’ बाबूभाई म्हणाले. ‘‘मेलेल्याचं तोंड नाई बिघडवत, शेठ.’’

धानोरावालीची वाटी शेवटी आली. करवत लावून बाबूभाई थांबले.   प्रफुल पुढं झाला, ‘‘चाचा, मी करू?’’

दारात उभ्या असलेल्या शहजादीबाई म्हणाल्या, ‘‘राहू दे बेटा. त्याईच्या बापाची हाय. त्याईलेच करू दे.’’

बाबूभाईंनी करवत ओढली.

पंचनामा झाला, सह्या झाल्या. प्रफुल जाताना शहजादीबाईंच्या पाया पडला. तसं करायचं काही कारण नव्हतं, आणि त्यांच्यात तशी रीतही नाही, पण त्याला दुसरं काही सुचलं नसावं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावर गेल्या.

पासपोर्ट आले. अर्ज मुदतीत गेला. सोडतीत, म्हणजे कुर्‍यात, दोघांची नावं निघाली. अनसनं फोनवर बातमी सांगितली तेव्हा शहजादीबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला ठेवली, पदर सारखा केला, आणि मग रडल्या. घाईघाईत रडून वाया घालवायची ती गोष्ट नव्हती.

हजला निघण्यापूर्वी माणसानं लोकांची माफी मागून घ्यावी लागते. देवाचं जे चुकलं असेल ते देव तिथं माफ करतो. पण माणसाचं जे चुकलं असेल, ते त्या माणसानंच सोडावं लागतं. ते घेऊन गेलं तर ते तसंच परत येतं. म्हणून दोघं दारोदार फिरले. कहा-सुना माफ करना. खोबऱ्याचं तेल घालणाऱ्या बायांचीही बाबूभाईंनी माफी मागितली, चारचौघांत लाजवल्याबद्दल. बायांनी ती देताना पुन्हा लाजून घेतलं. किराणावाला म्हणाला, ‘‘मीच माफी मांगतो, बाबूभाई,’’ आणि कशाची ते बोलला नाही.

लच्छूकडं दोघं मिळून गेले. मोहाचा मोसम होता. अंगणभर फुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, आंबूस वास घराच्या आतपर्यंत भरला होता. दुर्गाची लहान पोरगी ओसरीवर पाळण्यात होती. शहजादीबाई आधी तिच्याकडं गेल्या. लच्छू फुलं वर-खाली करत होता.

‘‘लच्छू,’’ बाबूभाई म्हणाले, ‘‘हजले चाललो. जायच्या पहिले सगळ्याईची माफी मांगा लागते. आजपर्यंत काई बोललो-चाललो असन तं माफ कर. अन् ते मशीन आणली होती ना तुह्या दारात, तेबी.’’

लच्छूनं हातातली फुलं खाली सोडली.

‘‘बाकी सारं माफ,’’ तो म्हणाला. ‘‘मशिनीचं नाई.’’

बाबूभाईंचा चेहरा उतरला. शहजादीबाईंनी पाळण्याची दोरी धरून ठेवली. ‘‘काऊन जी, भाऊ?’’

‘‘त्या दिवशी हे गेल्यावर नीला किती दिवस धड जेवली नाई. कोनं पाह्यलं का, कोन येते का. रस्त्यावर गाडी वाजली तं दुर्गाले मांगच्या दारी नेऊन बसवे. ते भेव माफ म्हटल्यानं कुठी जाते, भाभी? खोटं म्हणू का मी? तुमच्या देवाच्या घरी खोटी माफी चालते?’’

‘‘नाई चालत,’’ शहजादीबाई म्हणाल्या.

नीलाबाई आतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचं बोलणं ना खोडलं ना उचललं. बाबूभाई उभेच होते, टोपी हातात घेऊन. सत्य ऐकायला आलेल्या माणसाला सत्य ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं.

लच्छूनं विचारलं, ‘‘किती दिवस रायते तुमचं तिकडं?’’

‘‘चाळीसेक दिवस.’’

‘‘गर्दी रायते म्हणते. म्हातारे लोक मरतेत म्हणते तिकडं.’’

‘‘मरतेत. काई लोक तं मुद्दाम तेच मांगतेत, तिकडची माती मिळावी म्हणून.’’

‘‘तू नोको मांगू,’’ लच्छू म्हणाला. ‘‘रोवणीच्या पहिले वापस ये. चालत इथपर्यंत ये. मंग मशिनीची माफी देतो.’’

‘‘आता नाई देत?’’

‘‘आता देल्ली तं तू मोकळा होशीन. मोकळ्या माणसाचा काय भरोसा?’’

बाबूभाई हसले नाहीत. बाह्यांनी डोळे पुसले, आणि मग कसंबसं म्हणाले, ‘‘बाप्पा, लई कडक ठाणेदार हायस बे तू.’’

‘‘मी आणतो याईले वापस,’’ शहजादीबाई म्हणाल्या. ‘‘कान धरून आणतो. तुमी माफी तयार ठेवा, भाऊ.’’

लच्छूनं मान हलवली. हो म्हणून की पाहू म्हणून, ते कळलं नाही. तो खाली वाकला आणि मोहफुलं पुन्हा पसरू लागला. ऊन चाललं होतं, आणि एक बाजू अजून ओली होती.